दोनशे बारा चुकांचं घर

घरमालक जिन्यात थांबवून "तुम्ही अगदी घरच्यासारखे आहात हो" असं म्हणाला की ओळखावं, घर सोडायची वेळ आली. खऱ्या घरच्या माणसाला कोणी घरच्यासारखा म्हणत नाही. आमचा घरमालक मला हे वाक्य म्हणाला तेव्हा माझ्या हातात दुधाची पिशवी होती आणि ती गळत होती. तो खालच्या पायरीवर, मी वरच्या. त्याने आधी दुधाबद्दल हळहळ व्यक्त केली, मग हवेबद्दल बोलला, मग माझ्या पाठदुखीची चौकशी केली, आणि मग म्हणाला की त्याची मुलगी नवऱ्यासकट परत येतेय, तिकडच्या नोकऱ्यांचं काही खरं नाही, तेव्हा तीन महिन्यांत जागा मोकळी करून दिलीत तर फार बरं होईल. एवढं होईपर्यंत पाव लिटर दूध त्याच्या चपलेवर सांडलं होतं. मी मुद्दाम सांडलं नाही, पण पिशवी बाजूलाही घेतली नाही.

वर येऊन बायकोला सांगितलं. ती इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासते आणि त्या वेळी आपला पांढरा कोट इस्त्री करत होती. तिने इस्त्री उभी केली आणि एवढंच म्हणाली, "आठवं."

म्हणजे अकरा वर्षांतलं आठवं घर. एकातून मालकाच्या भावाने काढलं, एकातून मालकाच्या बायकोने, एक पाडलं, एकात मालक स्वतःच राहायला आला आणि आमचे पडदेसुद्धा ठेवून घेतले. तिची पुस्तकं गेल्या दोन घरांपासून खोक्यांतच आहेत, कारण काढली की पुन्हा भरावी लागतात.

"या वेळी भाड्याचं नको," ती म्हणाली. "मला परत कोणी जागा मोकळी करा म्हटलेलं चालणार नाही. मला एक दार हवंय. माझं. त्याच्या बाहेर उभं राहून लोकांनी बेल वाजवायची आणि मी उघडायचं की नाही ते ठरवणार."

मागणी चुकीची नव्हती. काळ चुकीचा होता. मी परीक्षेच्या मार्गदर्शिका छापणाऱ्या एका प्रकाशनात प्रुफं तपासतो. हे काम काय असतं ते लोकांना माहीत नसतं आणि सांगितलं की ते म्हणतात, "अच्छा, टायपिंग." टायपिंग नाही. टायपिंग करणारा ज्या चुका करतो त्या मी काढतो. वर्षभरापूर्वी आम्ही सहा जण होतो. मग बाजार बसला, कागद महागला, आणि संचालकांनी चुका काढणारं एक यंत्र संगणकात घालून घेतलं. सहाचे आम्ही दोन उरलो. त्या यंत्राने पहिल्याच महिन्यात एका शाळेच्या अहवालात 'मान्यवरांचे स्वागत' याचं 'मानेवरांचे स्वागत' केलं आणि तसं छापूनही आलं. मी तो अहवाल संचालकांच्या टेबलावर ठेवला. ते म्हणाले, "पण किती पटकन करतं बघा." यावर माणसाने काय बोलावं?

तर अशा परिस्थितीत घर घ्यावं की न घ्यावं, हा प्रश्न. आणि आमच्या इमारतीत एक प्रश्न जिन्यात पडला की तो सगळ्यांचा होतो. दुसऱ्याच दिवशी तळमजल्यावरचे बँकवाले काका वाटेत उभे. काका बँकेतून निवृत्त झाले आहेत आणि आर्थिक विषयांवर त्यांचा शब्द अखेरचा असतो, म्हणजे तो संपत नाही.

"आत्ता अजिबात घ्यायचं नाही," काका म्हणाले. "बाजार पडणार आहे. सहा महिने थांबा, निम्म्या किमतीत मिळेल."

"पण काका, आम्हाला तीन महिन्यांत निघायचंय."

"मग तीन महिने कुठेतरी काढा. घाई कशाची?"

काका स्वतः एकोणीस वर्षं भाड्याने राहतात. एकोणीस वर्षं बाजार पडायची वाट बघतायत. मध्ये एकदा तो खरोखर पडला होता, तेव्हा काका म्हणाले होते, अजून पडेल. ते त्यांनी स्वतःच मला अभिमानाने सांगितलं.

काकांच्या तावडीतून सुटून वर आलो तर समोरच्या वहिनी दारात. त्यांचं म्हणणं नेमकं उलटं. आजच घ्या, उद्या हे भाव दिसणार नाहीत, पैसा कागद होणार आहे, वीट ती वीटच. वहिनी अगदी कळकळीने बोलत होत्या. त्यांचा भाऊ घरांची दलाली करतो, हे त्या ओघाओघात बोलल्या आणि त्याचा नंबरही माझ्या हातावर लिहून दिला. हातावर, कारण कागद आणायला त्या आत गेल्या तर मी निसटेन अशी त्यांना शंका होती. ती खरी होती.

तो नंबर दोन दिवस धुतला गेला नाही, म्हणून शेवटी फोन केला. भावाने आम्हाला एका रविवारी सकाळी गावाबाहेरच्या एका नव्या इमारतीत पाठवलं. इमारत तयार होत आली होती, फक्त रंग आणि नळ राहिले होते. तिथे विक्रीला बसवलेली एक बाई होती, बोलायला इतकी गोड की तिच्याशी भांडताही येत नव्हतं. तिने माहितीपत्रक दिलं. मी सवयीने आधी चुका बघितल्या. 'प्रशस्थ' सापडला, 'उज्वल' सापडला, आणि मग एक शब्द दिसला जो बरोबर होता पण मला कळेना. चटई क्षेत्र, चारशे चौदा चौरस फूट.

"चटई क्षेत्र म्हणजे नक्की काय?" मी विचारलं.

"म्हणजे सर, भिंती सोडून आत जेवढ्या जागेवर चटई अंथरता येईल तेवढं."

शब्द म्हणजे शब्द. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या शब्दांचा अर्थ तपासत आलो आहे, स्वतःच्या घराच्या वेळी का सोडू? घरी आमची चटई आहे, सहा फूट बाय तीन फूट, अठरा चौरस फूट. चारशे चौदाला अठराने भागलं तर बरोबर तेवीस येतात. पुढच्या रविवारी मी चटई गुंडाळून बगलेत मारली आणि आम्ही पुन्हा गेलो. बायको वाटेत म्हणाली की टेप मिळतो दुकानात. मी म्हणालो, त्यांनी टेप क्षेत्र लिहिलेलं नाही.

नमुना म्हणून सजवलेल्या सदनिकेत मी दाराच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. चटई अंथरायची, कडेला खडूने रेघ मारायची, उचलायची, पुढे सरकवायची. सात चटया झाल्या तेव्हा दुसरी गिऱ्हाइकं आली. त्यांतलं एक म्हातारं जोडपं दमलं होतं, ती दोघं सरळ माझ्या आठव्या चटईवर बसली. त्यांना वाटलं ही सोय आहे. मी म्हणालो, "आजोबा, मोजणी चालली आहे." ते म्हणाले, "चालू दे, आमची अडचण नाही." दहा मिनिटं गेली. ती उठली तोवर राखणदार आला आणि त्याने विचारलं की बूट काढून यायचं आहे का. मग येणारा प्रत्येक जण दारात बूट काढू लागला. विक्रीची बाई लांबून बघत होती आणि तिचा गोडवा हळूहळू कमी होत होता.

एकूण चटया साडेएकोणीस भरल्या. मी तिला हिशोब दाखवला आणि विचारलं, "बाकीच्या साडेतीन चटया कुठे आहेत?"

"सर, ही नमुना सदनिका आहे. तुमची खरी सदनिका याच्यापेक्षा मोठी आहे."

"मग हा नमुना कशाचा?"

ती मला वरच्या मजल्यावर खऱ्या सदनिकेत घेऊन गेली. तिथे बाल्कनी धरून तेवीस चटया भरल्या, अगदी काट्यावर. मला वाईटच वाटलं. भांडणाची इतकी तयारी केली होती.

शेवटची चटई स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी होती. मी ती उचलायला गेलो तर बायको तिच्यावर बसलेली. भिंतीला पाठ लावून, पाय सोडून. मोजणी झाली, चल, म्हटलं.

"जरा बसू दे ना," ती म्हणाली. मी खडू खिशात घातला आणि बाहेर जाऊन उभा राहिलो.

मग बँक. कर्जाच्या खिडकीमागे एक तरुण अधिकारी होता. त्याने आमच्या दोघांचे पगाराचे कागद संगणकात भरले. बायकोच्या नावापुढे हिरवा ठिपका आला. माझ्या नावापुढे लाल.

"सर, तुमचा पगार धरता येणार नाही," तो म्हणाला. "तुमचा व्यवसाय यादीत नाही. मी 'इतर'मध्ये टाकलाय. सध्याच्या काळात 'इतर' धरत नाहीत."

"इतर? मी सतरा वर्षं काम करतोय."

"हो सर. पण मॅडमच्या पगारावर सगळं बसतंय. तुम्ही काळजी करू नका."

तो चांगल्या मनाने बोलला असणार. पण 'तुम्ही काळजी करू नका' हे वाक्य मी लहानपणानंतर प्रथमच ऐकत होतो. त्याच्या टेबलावर एक पाटी होती, 'आपली सेवा हिच आमची प्रेरणा'. 'ही'ला ऱ्हस्व. मी ती त्याला दाखवली. तो म्हणाला, "हो का?" आणि पुढच्या गिऱ्हाइकाला बोलावलं. घरी येईपर्यंत मी बँकेबद्दल बोलत होतो, घरी आल्यावरही बोलत होतो, आणि मध्ये कधीतरी बायकोने तिच्या पगाराच्या कागदांची फाईल गुपचूप कपाटात ठेवली.

घर पक्कं करायला विसाराची रक्कम देऊन झाली. करारनाम्याचा मसुदा आला. चौसष्ट पानं. बिल्डरच्या वकिलाने चिठ्ठी जोडली होती: 'कृपया वाचून घ्यावे.' आता हे मला सांगायची गरज होती का? मी दोन दिवस रजा टाकली. लाल पेन घेऊन बसलो. 'सदनीका', 'आणी', 'पार्कींग', 'नैसर्गीक आपत्ती', 'वाहनतळ'मधला 'ळ' गायब. एका पानावर 'गच्ची'चं 'गच्छी' झालं होतं. चौसष्ट पानांत मी दोनशे बारा चुका काढल्या, प्रत्येकीला गोल केला, प्रत्येकीपुढे समासात दुरुस्ती लिहिली. इतकं स्वच्छ प्रूफ मी गेल्या कित्येक वर्षांत केलं नव्हतं. शेवटच्या पानावर खाली सही करून तारीखही टाकली.

त्या दोनशे बारांत एक चूक वेगळी होती. सदतिसाव्या पानावर लिहिलं होतं, 'हप्ता चुकल्यास खरेदीदारास दंड आकारला जाणार नाही.' आणि पुढच्याच ओळीत, 'सदर दंड दरमहा दोन टक्के राहील.' आता जो दंड नाहीच तो दोन टक्के कसा राहील? उघड होतं की टाइप करणाऱ्याच्या हातून 'नाही' जास्तीचा पडला. मी 'नाही'वर काट मारली, 'जाणार'चं 'जाईल' केलं. वाक्य सरळ झालं.

प्रत वकिलाकडे नेऊन दिली. चार दिवसांनी नवी छापील प्रत आली. मी ती उघडली आणि मला खुर्चीत बसावं लागलं. 'सदनीका' होती. 'आणी' होतं. 'गच्छी' होती. दोनशे अकरा चुका जिथल्या तिथे. फक्त सदतिसाव्या पानावरचा 'नाही' काढलेला होता.

मी वकिलाला फोन लावला. तो म्हणाला, "तुमची एक दुरुस्ती फार मोलाची होती. आमच्या लक्षातच आलं नव्हतं. आभारी आहोत."

"आणि बाकीच्या दोनशे अकरा?"

"त्यांनी अर्थ काही बदलत नाही हो."

मी फोन आपटला. बायको विचारू लागली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं, 'गच्छी'पासून सांगितलं. तिने सदतिसावं पान दोनदा वाचलं.

"म्हणजे आधी दंड लागणार नव्हता."

"ती चूक होती."

"आपल्या बाजूची होती."

"चुकीला बाजू असते का? वाक्य विसंगत होतं."

जुनी लाल प्रत आणि नवी प्रत, दोन्ही घेऊन ती आतल्या खोलीत गेली. मला वाटलं, दंडाचा राग आलाय, उतरेल.

त्याच आठवड्यात कार्यालयातून पत्र आलं. परिस्थितीचा विचार करता पुढील सूचनेपर्यंत मी आठवड्यातून तीनच दिवस यावं, आणि पगारही तेवढाच. पत्रात 'परिस्थिती' बरोबर लिहिलं होतं. ते यंत्राने तपासलं असणार. मला इतका अपमान सहन होईना. मी घरी आलो, चहा घेतला, आणि बायकोला सांगून टाकलं की मी ठरवलंय, घर घ्यायचं नाही. काळ वाईट आहे, काका म्हणतात तेच खरं, विसार परत मागू, एखादं भाड्याचं बघू. सही गुरुवारी करायची होती, तेव्हा बुधवारच्या आत कळवायला हवं.

"तू ठरवलंस," ती म्हणाली.

"ठरवावंच लागतं कोणालातरी."

ती आत गेली आणि लाल प्रत घेऊन आली. टेबलावर ठेवली, पहिलं पान उघडलं. "वाच."

मी वाचलं. माझं पूर्ण नाव, यापुढे ज्यांचा उल्लेख 'खरेदीदार' असा केला जाईल, व त्यांचे कुटूंब. 'कुटूंब'वर माझा लाल गोल होता. समासात लिहिलं होतं, 'ट ऱ्हस्व'.

"हे काय आहे?"

"कुटुंब. ट दीर्घ काढला होता त्या शहाण्यांनी. चौदा ठिकाणी काढलाय."

"कुटुंब म्हणजे कोण?"

"म्हणजे आपण," मी म्हणालो. मग नीट बघितलं. जुन्या कागदपत्रांत बायकोला कुटुंब म्हणायचे, वकिलाने तिथूनच उचललं होतं. "म्हणजे तू."

"आता माझं नाव कुठे आहे ते दाखव."

मी पानं उलटायला लागलो. चौसष्ट पानांतलं एकेक अक्षर मी वाचलेलं होतं, कुठल्या पानावर कुठला उकार चुकलाय ते मी झोपेत सांगितलं असतं. तिचं नाव आठवेना. ते शेवटी एक्केचाळिसाव्या पानावर सापडलं. 'कर्जाचे हप्ते खालील व्यक्तीच्या वेतनातून वळते केले जातील,' आणि त्याखाली तिचं नाव, पूर्ण, सुवाच्य. त्यात एकही चूक नव्हती. म्हणून माझं पेन तिथे थांबलं नव्हतं.

"चौदा वेळा तुला उकार दिसला," ती म्हणाली. "मी एकदाही दिसले नाही."

मी म्हणणार होतो की वकिलाने घोळ घातला, बिल्डरचा नमुनाच तसा असतो, बँकेने सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण तिचे डोळे भरले होते, आणि आठ घरं बदलताना मी ते तसे कधी बघितले नव्हते. मला स्वतःची इतकी लाज वाटली की रागवायला कोणी उरलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वकिलाच्या कार्यालयात जाऊन बसलो. तो म्हणाला, दुरुस्त्यांची मुदत संपली. मी म्हणालो, थांबतो. तो म्हणाला, दोन खरेदीदार घालायचे असतील तर नमुनाच वेगळा, मंजुरीला चार आठवडे लागतील आणि विसाराची मुदत गुरुवारपर्यंतच आहे. एकाच खरेदीदाराचा असेल तर आत्ता छापून मिळेल.

"मग एकच घाला," मी म्हणालो. "तिचं."

त्याने चष्म्यावरून बघितलं. "आणि तुम्ही?"

"मी तिच्या घरी राहीन. ती ठेवेल असं वाटतं."

वकिलाने खांदे उडवले आणि संगणकावर माझ्या नावाच्या जागी तिचं नाव टाकलं. बाकी एका अक्षरालाही हात लावला नाही. गुरुवारी आम्ही दोघं सहीला बसलो. पहिल्या पानावर तिचं पूर्ण नाव होतं, यापुढे ज्यांचा उल्लेख 'खरेदीदार' असा केला जाईल. तिने ते बोटाने वाचलं, सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला. तिच्या नावापुढे लिहिलं होतं, 'व त्यांचे कुटूंब'. ट दीर्घच होता. माझ्या खिशात लाल पेन होतं. मी निळं मागून घेतलं आणि कुटूंब म्हणून सही केली.